धाकटीचा आवाज

बंदरावर तिला सगळे मिस्त्रीण म्हणत. कंट्रोल टॉवरच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या लांबट खोलीत तिचं वर्कशॉप होतं. टगबोटींवरचे, क्रेनवरचे, फाटकावरच्या पहारेकऱ्यांचे वॉकीटॉकी बिघडले की तिच्या टेबलावर यायचे. कुणाचा सेट खाऱ्या पाण्यात पडलेला, कुणाचा चहात बुडालेला, कुणी रागाच्या भरात आपटलेला. आणणारा खलाशी हमखास म्हणायचा, "आपोआप बंद पडला बघा." मिस्त्रीण सेट उलटा करायची, टेबलावर पाण्याचा ओघळ यायचा, आणि ती म्हणायची, "घाम आला असेल त्याला."

हे काम ती वडिलांच्या दुकानात शिकली. हात वडिलांचा आला, आणि दुर्दैवानं आवाजही वडिलांचाच आला. जाड, घोगरा, घशात काहीतरी अडकल्यासारखा. फोन उचलला की पलीकडचा माणूस तिला "साहेब" म्हणायचा. शाळेत समूहगीताच्या वेळी बाई तिला मागच्या रांगेत उभं करून हळूच सांगायच्या, "तू नुसते ओठ हलव हं." त्यामुळे मोठेपणी ती कमी बोलायची आणि जास्त दुरुस्त करायची.

तिच्याकडे एक गोष्ट होती जी बंदरात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. सेटवरची बाहेरची बटणं कुणीही दाबावीत. पण सेट बंद करून, बाजूची दोन बटणं दाबून धरून तो चालू केला, की पडद्यावर नेहमीचं चॅनेल यायचं नाही, नुसते आकडे यायचे. ती सेटची आतली खोली. आवाज किती ताकदीनं पाठवायचा, खरखर किती दाबायची, माइकमध्ये शिरलेलं बोलणं किती मोठं करून हवेत सोडायचं, सगळं तिथे ठरायचं. सेटबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत या खोलीचं नावही नव्हतं. तिथे जाऊन आकडे एकेक घर वरखाली करायला मिस्त्रिणीला मनापासून आवडायचं. एखादा कण्हणारा सेट तिच्या हातून खणखणीत होऊन जायचा, आणि कुणाला कळायचंही नाही की तिनं नेमकं काय केलं.

तिचा नवरा टगबोटीवर, म्हणजे मोठी जहाजं ओढून आत आणणाऱ्या बोटीवर, कप्तान होता. लग्नाआधी तो सेट मुद्दाम बिघडवून आणायचा. एकदा तर त्यानं बॅटरी उलटी घातली आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "वाचेल का हो?" तिनं बॅटरी सुलटी केली आणि म्हणाली, "वाचेल. पण माणसाचं सांगता येत नाही." त्याच वर्षी लग्न झालं. लग्नानंतर कप्तानाचे सेट बिघडायचे बंद झाले, हे तिच्या लक्षात आलं होतं, पण बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

घर बंदरामागच्याच गल्लीत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, सासूबाई, आणि क्रेन चालवणारा धाकटा दीर. दिराचं लग्न झालं आणि धाकटी घरात आली. हसरी, चुणचुणीत, आणि बोलायला लागली की ऐकणाऱ्यानं हातातलं काम ठेवावं असा आवाज. सासूबाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, तर बाजारभावातले कांद्याचे दरसुद्धा गोड वाटायचे.

तिला कामाला लावलं ते मिस्त्रिणीनंच. टॉवरवर ऑपरेटरची जागा निघाली तेव्हा ती स्वतः धाकटीला घेऊन वर गेली. आधी आठवडाभर वर्कशॉपमध्ये बसवून शिकवलं होतं. "बटण दाब. एक श्वास थांब. मग बोल. लगेच बोललीस तर पहिला शब्द खाऊन टाकतो तो." धाकटीनं बटण दाबलं, श्वास घेतला आणि म्हणाली, "ताई, मला भीती वाटतेय." वर्कशॉपच्या भिंतीवरच्या स्पीकरमधून ते शब्द इतके स्वच्छ उमटले की मिस्त्रीण क्षणभर बघतच राहिली.

काही महिन्यांत धाकटी सगळ्या बंदराची टॉवरताई झाली. धुकं उतरलं की बोटी तिच्या आवाजाला धरून आत यायच्या. तिरसट म्हातारे कप्तानसुद्धा तिच्याशी नीट बोलायचे. मिस्त्रिणीच्या वर्कशॉपमधला स्पीकर दिवसभर चालूच असायचा, त्यामुळे तिला सगळं ऐकू यायचं. नवऱ्याचा आवाज यायचा, "टॉवरताई, आलो बरं का आम्ही." मग धाकटीचा, "या भावोजी. म्हणजे, टग तीन, या." आणि सगळ्या बोटींवरून हसणं.

मिस्त्रीण दुरुस्त झालेला सेट तपासायला बटण दाबायची. "चाचणी, चाचणी. कोण ऐकतंय?" पलीकडून नवरा म्हणायचा, "ठीक." धाकटीला मात्र तो म्हणायचा, "ठीक आहे हो!" तो एवढासा 'हो' तिला खुपायला लागला. एका 'हो'चं काय एवढं, असं ती स्वतःलाच बजावायची आणि पुढच्या वेळी पुन्हा कान टवकारून बसायची.

संध्याकाळी जेवताना तर ती पाहुणी असल्यासारखी बसे. "आज त्या बार्जवाल्याला कसं गप्प केलंस!" कप्तान म्हणायचा. "मग काय, भावोजी, ऐकतच नव्हता तो!" दीर हसायचा, सासूबाई हसायच्या. दिवसभर ज्या हवेतून त्या गप्पा गेल्या, ती हवा जणू मिस्त्रिणीनंच बांधून दिली होती. पण ताटावर तिचं नाव निघायचं ते "ताई, भाजी वाढा" एवढ्यापुरतं.

धाकटीचा यात काही दोष नव्हता, आणि तेच तर सोसत नव्हतं. तिनं कधी टोमणा मारला असता, कधी तोरा मिरवला असता, तर भांडता तरी आलं असतं. ती आपली येता-जाता "ताई, तुम्ही शिकवलंत म्हणून" म्हणायची. मिस्त्रिणीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि तोंडानं ती म्हणायची, "त्यात काय."

मग प्रवासी धक्क्यावर नवीन प्रतीक्षागृह झालं. तिथल्या सूचनांसाठी टॉवरच्या साहेबांनी धाकटीचा आवाज रेकॉर्ड करून घेतला. स्पीकर बसवायचं काम आलं मिस्त्रिणीकडे. ती शिडीवर चढून स्क्रू पिळत होती आणि तिच्या कानाशीच धाकटी सांगत होती, "प्रवाशांनी कृपया रांगेत उभं राहावं." खाली एक बाई दुसरीला म्हणाली, "किती छान आवाज आहे ना!" मिस्त्रिणीनं स्क्रू इतका आवळला की त्याचे आटेच गेले.

त्या संध्याकाळी घरी पेढ्यांचा पुडा आला. कप्तान रंगात आला होता. म्हणाला, "आता आमच्या मिस्त्रीणबाईंचा आवाज लावायला हवा होता. प्रवासी पळतच बोटीत चढले असते!" आणि त्यानं घसा खरवडून नक्कल केली, "चाचणी, चाचणी..."

सगळे हसले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. धाकटीनं हसू दाबायला तळहात ओठांवर ठेवला, पण खांदे हलत होते. मिस्त्रीणही हसली. उठून पाणी प्यायला आत गेली, आणि माठापाशी बराच वेळ रिकामा पेला हातात धरून उभी राहिली.

त्याच आठवड्यात टॉवरवरचा मुख्य सेट तपासणीसाठी खाली आला. सेटला काहीही झालेलं नव्हतं. तिनं धूळ झटकली, जोडण्या पाहिल्या, आणि मग बाजूची दोन बटणं दाबून धरली. आकडे आले. माइकचा आकडा तिनं थोडा खाली आणला. जरासाच. मनात म्हणाली, तिचा आवाज मुळातच मोठा आहे, एवढ्यानं काय होतंय? सेट वर गेला.

दुसऱ्या दिवसापासून स्पीकरवर नवीन शब्द ऐकू यायला लागले. "टॉवरताई, परत सांगा." "जरा मोठ्यानं, ताई." मिस्त्रीण सोल्डरिंग करता करता ते ऐकायची आणि तिला पोटात गार गार वाटायचं. कितीतरी दिवसांत तिचं काम इतकं हलक्या हातानं झालं नव्हतं.

धाकटी घरी येऊन म्हणाली, "ताई, माझा आवाज पोचत नाही हो. सेट बघता का जरा?"

"बघितला की परवाच. सेट ठीक आहे," मिस्त्रीण म्हणाली. "माइक तोंडाजवळ धर. आणि पोटातून बोल."

तरी ती सेट बघायला वर गेली, आणि आकडा आणखी खाली आणून आली.

धाकटी पोटातून बोलायला लागली, मग ओरडायला लागली. दिवसभर ओरडून संध्याकाळी तिचा घसा बसायचा. आणि इथे मिस्त्रिणीचा हिशेब साफ चुकला. घरात आता दुसरा विषयच राहिला नाही. सासूबाई मिठाच्या गुळण्यांसाठी पाणी तापवायच्या. दीर मध आणायचा. कप्तान, ज्यानं बायकोच्या तापातसुद्धा कधी औषधाच्या दुकानाची पायरी चढली नव्हती, तो खिशातून खोकल्याच्या गोळ्या काढायचा. "बोलू नकोस गं, खूण कर नुसती." धाकटी खुणेनं चहा नको म्हणाली तरी सगळ्यांना केवढं कौतुक! आधी मिस्त्रिणीला तिच्या आवाजाचा हेवा वाटायचा, आता घसादुखीचाही वाटायला लागला. आपण नक्की काय मिळवलं हे तिला कळेना. पण आकडा परत वर न्यावा असं काही तिला वाटलं नाही. डॉक्टरांनी घशाला विश्रांती द्यायला सांगितली होती. धाकटी रजा घ्यायला तयार नव्हती. नोकरी जाईल या धास्तीनं ती रोज वर जाऊन बसत होती.

एका सकाळी पाण्यावर गढूळ धुरकट हवा होती. कप्तानाचा टग मालानं भरलेल्या एका बिनइंजिनाच्या बार्जला ओढत आत येत होता, आणि धक्क्यावरून प्रवासी बोट बाहेर पडत होती. धाकटीनं सांगितलं, "टग तीन, बाहेरच थांबा. प्रवासी बोट निघतेय."

वर्कशॉपच्या शांततेत मिस्त्रिणीला ते बारीक का होईना, पण पूर्ण ऐकू आलं. टगच्या इंजिनाच्या धडधडाटात कप्तानाला आलं नाही. "टॉवर, परत सांगा."

धाकटीनं जिवाच्या आकांतानं सांगितलं. "थांबा" मधल्या 'थां'वरच तिचा आवाज फाटला आणि पुढे नुसती हवा आली.

मिस्त्रिणीच्या टेबलावर दुरुस्त झालेला एक सेट पडला होता. भरलेल्या बॅटरीचा, खणखणीत. हात लांब केला असता तर काम झालं असतं. तिनं हात पुढे नेलाही. आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात आलं, खालून या छोट्या सेटवरून माझा आवाज स्वच्छ गेला, तर सगळे विचारतील, मग वरच्या मोठ्या सेटवरून तिचा का जात नव्हता? हात तिथेच राहिला.

कप्तानानं नेहमीच्या सवयीनं टग पुढे घेतला. धुरकट हवेतून प्रवासी बोटीचं नाक दिसलं तेव्हा त्यानं इंजिन उलटं फिरवलं. टग थांबला, पण मागचं बार्ज थोडंच थांबतंय! ते वळलं आणि लाकडी धक्क्याच्या टोकावर आदळलं. फळ्या कडकड मोडल्या. टगवरचा एक खलाशी तोल जाऊन पडला आणि त्याचा हात कोपराखाली मोडला. प्रवासी बोट हातभर अंतरावरून निसटली.

मिस्त्रीण जिना चढून वर गेली. धाकटी अजून माइक हातात धरूनच खुर्चीत बसली होती. साहेब खिडकीशी होते. "सेट तपासते," मिस्त्रीण म्हणाली, आणि सगळ्यांदेखत तिनं माइकचा आकडा पूर्वी होता तिथे नेऊन ठेवला. काय केलं ते कुणाला कळलं नाही. नेहमीसारखंच.

दुपारी साहेबांनी रजेवरून बोलावलेल्या दुसऱ्या ऑपरेटरला त्या खुर्चीत बसवलं. त्याचा आवाज अगदी बेताचा, तरी सगळ्या बोटींवर स्वच्छ ऐकू गेला. साहेब म्हणाले, "म्हणजे सेटमध्ये काही नाही." धाकटीनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तिची बदली फाटकावर पास देण्याच्या खिडकीत झाली. तिथे बोलावं लागत नव्हतं, नुसते शिक्के मारायचे होते.

मिस्त्रिणीला हवं होतं ते सगळं झालं होतं. स्पीकरवर आता धाकटी नव्हती. जेवताना कुणी टॉवरच्या गप्पा मारत नव्हतं. कुणीच काही बोलत नव्हतं. धाकटी भाकरी मोडत खाली बघत राहायची, आणि कप्तान घासाघासाला थांबायचा.

एके दिवशी तो भरदुपारी घरी आला. मिस्त्रीण सुट्टीवर होती, डाळ निवडत होती. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला.

"कान तपासून आलो," म्हणाला.

"कान? कशाला?"

"डॉक्टर म्हणाला, ठीक आहेत. पण ते यंत्रात झालं, शांत खोलीत. पाण्यावर मला ऐकू आलं नाही, हे तर खरं ना? त्या पोरीचा घसा म्हणे. घसा तर कितीतरी दिवस बसला होता, तरी बोटी आत येतच होत्या ना? मलाच कमी ऐकू येतंय. अर्ज देतो उद्या. टग नाही चालवणार मी. त्या बोटीत माणसं होती गं. खिडकीशी बसलेली दिसली मला."

मिस्त्रिणीनं सूप बाजूला ठेवलं. "तुमचे कान ठीक आहेत."

"तू पण डॉक्टरसारखी..."

"ऐकू येण्यासारखं तिकडून काही निघतच नव्हतं. माइक मी कमी केला होता. आतून."

त्याला आधी कळलंच नाही. "चुकून?"

"नाही. मुद्दाम."

"का?"

तिला नक्कल आठवली, पेढे आठवले, तो 'हो' आठवला. तोंडानं म्हणायला गेलं तर सगळं किती क्षुल्लक वाटत होतं. "मला बघवत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही तिच्याशी बोलता, हसता. सगळेच. मला बघवत नव्हतं."

तो उठून उभा राहिला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तुझ्या हातचा सेट म्हणून मी डोळे मिटून बोट आत आणायचो," तो म्हणाला, आणि चपला न घालताच बाहेर गेला.

धाकटीला सांगणं त्याहून जड गेलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेतलं, हातातली चादर मात्र तशीच धरलेली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती अजून कुजबुजतच बोलत होती.

"मी रोज येऊन तुम्हालाच विचारत होते ना, ताई?"

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, पोटातून बोल."

मिस्त्रिणीनं मान डोलावली.

"मला वाटलं, माझा आवाज मेला. मी रात्री यांच्याशी बोलायची बंद झाले, फाटेल म्हणून. आणि तुम्ही समोर बसून बघत होतात." धाकटी रडत नव्हती. "माझी माफी नका मागू. वर जा आणि साहेबांना सांगा."

"सांगते. तू येतेस बरोबर?"

"नाही. मला पहिल्या दिवशी तुम्ही घेऊन गेला होतात. आज तुम्ही एकट्या जा."

मिस्त्रीण एकटी गेली. साहेबांनी तिला तीनदा तेच विचारलं, कारण त्यांना ती आतली खोली काय असते तेच समजत नव्हतं. समजलं तेव्हा त्यांनी वर्कशॉपची किल्ली मागितली. चौकशी झाली. सेट दुरुस्तीचं काम बाहेरच्या माणसाकडे गेलं. मोडलेल्या हाताच्या खलाशाला भेटायला ती गेली, तेव्हा त्याच्या आईनं दारातूनच परत पाठवलं. नोकरी कशीबशी राहिली, पण बोयांवर. पाण्यात वाट दाखवणारे तरंगते बोये असतात, त्यांचे दिवे आणि बॅटऱ्या बदलायच्या, रंग द्यायचा, शेवाळ खरवडायचं. एक छोटी बोट, एक म्हातारा बोटवाला, आणि ती.

धाकटी टॉवरवर परत आली. घसा बरा झाला, पण आवाजाला एक बारीकशी चीर कायमची राहिली. वरच्या पट्टीत गेली की ती जाणवायची. बोटवाल्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. काहींना तर ती चीरच आवडायला लागली. दीर-धाकटीनं पलीकडच्या गल्लीत खोली घेतली. सासूबाई आठवड्यातले काही दिवस इकडे, काही तिकडे. कप्तानानं अर्ज दिला नाही. तो घरीच राहिला, जेवायचा, पगार आणून द्यायचा, पण त्याच्या बोलण्यात बरेच दिवस नुसती कामं होती. दूध संपलंय. दार लावून घे. पुढे हळूहळू त्यात बाकीचे शब्द परत यायला लागले.

धाकटी तिच्याशी बोलत नव्हती. पण बोयांकडे निघायचं तर टॉवरची परवानगी लागायची, आणि ती रेडिओवरूनच मागावी लागायची. मिस्त्रीण बटण दाबायची, एक श्वास थांबायची. "टॉवर, बोया-बोट. बाहेर निघतोय."

"बोया-बोट, निघा."

एवढंच. कित्येक महिने एवढंच. वाटेत समोरासमोर आल्या तरी एक शब्द नाही, आणि पाण्यावर रोज दोन वेळा न चुकता.

मग एकदा पाणी जरा उसळत असताना मिस्त्रिणीनं परवानगी मागितली, आणि धाकटी म्हणाली, "बोया-बोट, निघा." मग बटण सोडायच्या आधी म्हणाली, "वारा वाढतोय. लवकर परत या."

मिस्त्रीण सेट हातात धरून बसली. बोटवाला सुकाणू धरून पुढे बघत होता. थोड्या वेळानं तिनं त्याला विचारलं, "काका, ती असं सगळ्यांनाच म्हणते का?"

"असं म्हणजे?"

"लवकर परत या म्हणून."

"वारा असला की सगळ्यांनाच म्हणते की," बोटवाला म्हणाला. "मघाशी त्या मासेमारीवाल्याला पण म्हणाली. चांगली पोरगी आहे."

"हो," मिस्त्रीण म्हणाली. तिला बरं वाटलं होतं, आणि त्या मासेमारीवाल्याचा तिला राग आला होता. खरवडणी उचलून ती बोयाच्या बाजूला वाकली.